गाळातल्या तबकड्या : धुलाईच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार. विश्रामबाग, सांगली

मामांच्या गाण्यांच्या रेकॉर्ड भरलेली पत्र्याची ट्रंक आज पोटमाळ्यावरून खाली काढली. एकट्याला उचलेना, शेजारच्यांना हाक मारली. कडी गंजून बसली होती. तेल सोडलं, अर्धा तास थांबलो, मग निघाली. झाकण उघडताच वास आला. सांगलीच्या नदीकाठच्या गावभागात राहिलेल्या कुणालाही डोळे मिटून ओळखता येईल असा, २०१९ च्या पुराचा वास. साडेपाच वर्षं तो त्या ट्रंकेत कोंडून होता.

हे कसं झालं ते एकदा लिहून ठेवतो. २००५ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं होतं. तेव्हा घरात जिथवर पाणी चढलं तिथं मामांनी भिंतीवर खिळ्यानं रेघ मारली आणि रेकॉर्डचं कपाट त्या रेघेच्या वर हातभर ठोकून घेतलं. कृष्णा यापेक्षा वर येणार नाही, असा त्यांचा हिशेब. गावभागात पुष्कळांनी असेच हिशेब केले होते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. मामा-मामी होडीतून बाहेर पडले तेव्हा रेघ दिसत नव्हती. परत आल्यावर आधी धान्य, कागदपत्रं, गाद्या. रेकॉर्ड गाळासकट ट्रंकेत भरल्या, नंतर बघू म्हणून. मामा २०२१ मध्ये गेले. मामी इकडं विश्रामबागेत राहायला आल्या आणि ट्रंक त्यांच्याबरोबर आली.

मोजल्या. एकूण ५८. लाखेच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या, ३४; एलपी १९; मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या छोट्या ५. कव्हरं एकही शाबूत नाही, सगळ्यांचा लगदा होऊन वाळलेला. एक गोष्ट मात्र वाचली आहे. मामांची दोनशेपानी वही कागदपत्रांच्या पिशवीत होती, ती होडीतून बाहेर आली. त्यात प्रत्येक रेकॉर्डला त्यांनी दिलेला क्रमांक, कंपनी, लेबलावरचा नंबर, कुठून घेतली, सगळं आहे.

मामींना विचारलं, यातली कुठली आधी करू? म्हणाल्या, "सतरा नंबर बघ की होते का."

वहीत १७ समोर लिहिलंय : अब्दुल करीम खाँसाहेब, ओडियन. मिरजेच्या उरुसात घेतली, जुनी. खाँसाहेब म्हणजे किराणा घराण्याचे मोठे गवई.

१४ जानेवारी, संक्रांत

सुट्टी होती, वर्गवारी केली. एलपी विनाइलची, म्हणजे प्लास्टिकची. वजनाला हलकी, जरा वाकते. ७८ ची रेकॉर्ड लाखेची. जड, ताठ, पडली की काचेसारखी फुटते. नुसती लाख मात्र नाही. लाख तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही कमी, बाकी दगडाची भुकटी, काजळी, कापसाचे तंतू. हे पुढं महत्त्वाचं ठरणार आहे, कारण दोघींची धुलाई एक नाही.

बाजारात मडकं वाजवून घेतात तशी प्रत्येक लाखेची रेकॉर्ड मधल्या भोकात बोट घालून लटकती धरली आणि कडेला नखानं टिचकी मारली. धड असेल ती खणखणते. तडा असेल ती बदबद वाजते, मग तडा गाळाखाली लपलेला का असेना. ४ तर सरळ फुटलेल्याच निघाल्या, ३ बदबद्या. २७ खणखणीत. १७ नंबर यांतच असावी. निदान मला तसं वाटतंय. ट्रंकेत जी लेबलं गेली त्यात तिचंही लेबल असावं, कारण त्या नावाचं लेबल असलेली एकही रेकॉर्ड सापडली नाही.

१९ जानेवारी

पहिली चाचणी. चांगल्या रेकॉर्डला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं, म्हणून खोल ओरखडा असलेली एक एलपी घेतली.

काळ्या मातीचा गाळ वाळला की दगड होतो. तो कोरड्या फडक्यानं पुसायला जाणं म्हणजे सँडपेपर मारणं. त्यातली वाळू खाचेच्या, म्हणजे ज्या गोल रेघेतून पिन फिरते तिच्या, भिंती खरवडते आणि ते पुन्हा भरून येत नाही. म्हणून एलपी मोठ्या परातीत साध्या गार पाण्यात २० मिनिटं ठेवली. कोमटसुद्धा नको, गरम पाण्यानं विनाइल वाकतं. काळी माती पाणी पिऊन फुगते, भेगाळलेलं शेत पहिल्या पावसात मिटतं तशी, आणि फुगली की सुटते. पाणी गढूळ झालं, रेकॉर्ड काळी दिसायला लागली. नळाखाली धरून धुतली, उभी करून वाळवली.

संध्याकाळी बघतो तर रेकॉर्डभर पांढुरके ठिपके. आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी. बादलीच्या कडेला जो पांढरा थर बसतो तोच क्षार खाचांमध्ये बसला. पिन त्यावरून गेली की चरचर. एक घाण काढली आणि दुसरी घातली.

२६ जानेवारी

शेवटचं पाणी डिस्टिल्डच हवं. घरातल्या आरओचं पाणी चालेल का, असं मामींनी विचारलं. आरओ क्षार कमी करतं, संपवत नाही. त्यातही वाळल्यावर काहीतरी मागं राहतंच. पाच लिटरचे दोन कॅन आणले.

विनाइलसाठी केलेलं मिश्रण :
डिस्टिल्ड पाणी ९०० मिली, आयसोप्रोपिल अल्कोहोल १०० मिली, फोटो-फ्लो ५ मिली.

फोटो-फ्लो हे फिल्म धुवायच्या काळातलं द्रव्य. फिल्मवर पाण्याचे डाग पडू नयेत म्हणून शेवटच्या पाण्यात दोनशे भागांना एक भाग घालत. एका जुन्या फोटोग्राफरांकडं बाटली पडून होती, त्यांनी आनंदानं दिली. त्याचं इथलं काम एवढंच की पाण्याचा थेंब गोळा होऊन वर बसू नये, पसरून खाचेत उतरावा. एलपीची खाच माणसाच्या केसाएवढी रुंद. साधं पाणी तिच्या काठावरच फुगून बसतं, आत जात नाही. भांड्याचा साबण वापरायचा मोह मला झाला होता, पण त्यातला वास आणि रंग वाळून मागं राहतात.

लेबल भिजू नये म्हणून स्टीलच्या डब्यांची सारख्या मापाची दोन झाकणं घेतली, १० सेंटिमीटरची. मध्ये भोक पाडलं, आतून सायकलच्या ट्यूबचं रबर गोल कापून चिकटवलं. रेकॉर्डच्या दोन्ही बाजूंनी झाकणं लावायची आणि ६ मिमीच्या नटबोल्टनं आवळायची. हातानंच आवळायचं, पाना लावायचा नाही. हे फार छान जमलं.

मग ती ठिपकेवाली एलपी पुन्हा घेतली. मिश्रण फवारलं, मऊ केसांच्या ब्रशनं खाचांच्या दिशेनं, गोल गोल, दोन मिनिटं. आडवा ब्रश कधीच नाही. डिस्टिल्डनं दोनदा खळबळली आणि ताटाळ्यात उभी केली. ठिपके गेले. पण वाजवल्यावर चरचर निम्मीच गेली होती.

कारण मला दिसेना. संध्याकाळी मामींना सगळं सांगत बसलो होतो. त्या ऐकून घेत होत्या, मग म्हणाल्या, "तुझे मामा पुरात काय म्हणायचे माहीत आहे ना? पाणी उतरायला लागलं की झाडू हातात घ्यायचा. पाणी आहे तवर गाळ पाण्याबरोबर जातो. पाणी गेलं की गाळ घराचा होतो."

मी ताटाळ्याकडं बघितलं. मळलेलं पाणी खाचेतच वाळू दिलं होतं मी. ब्रशनं सुटलेला गाळ पाण्यात तरंगत होता, पाणी उडून गेलं आणि तो तिथंच खाली बसला. धुणं म्हणजे पाणी घालणं, असं मी धरून चाललो होतो. खरं काम पाणी काढण्याचं आहे, घाण त्यात तरंगती आहे तोवर.

२ फेब्रुवारी

पाणी ओढून घेणारं साधन. ओलं-कोरडं दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर ओळखीच्या गॅरेजवाल्यांकडून रविवारपुरता आणला. घरातल्या साध्या व्हॅक्यूमनं पाणी ओढायचं नाही, मोटर जळते आणि शॉकची भीती वेगळीच.

नळी : २० मिमीचा पीव्हीसी पाईप, एका टोकाला टोपण, दुसरं टोक व्हॅक्यूमच्या नळीत. पाईपला लांबीच्या दिशेनं ९ सेंटिमीटरची चीर, जेमतेम अडीच मिलिमीटर रुंद. एलपीवर खाचांचा पट्टा तेवढाच असतो. चिरेच्या दोन्ही काठांना मखमलीच्या पट्ट्या, म्हणजे पाईप रेकॉर्डला टेकला तरी ओरखडा नाही. मखमल मामींच्या जुन्या ब्लाउजची. त्यांनीच कात्रीनं कापून दिली, लव कुठल्या दिशेनं लोळते ते दाखवून दिलं. मला ते कळलंच नसतं.

रेकॉर्ड फिरवायची कशावर? मामांचा पुरात बुडालेला प्लेअर गॅलरीत पडून होता. मोटर गेली, वायरिंग गेलं, पण थाळी अजून बोटानं ढकलली तरी मऊ फिरते. मधला दांडा शाबूत. थाळीवर रबराची चटई टाकली आणि ती धुलाईची चौकी झाली. ज्या थाळीवर या रेकॉर्ड वाजल्या त्याच थाळीवर धुतल्या जाणार, याचा मला मनापासून आनंद झाला.

मिश्रण, ब्रश, लगेच नळी. थाळी हातानं सावकाश दोन फेरे, आणि बास. तिसऱ्या फेऱ्याला रेकॉर्डवर वीज जमते आणि ती उलट धूळ ओढते. मग डिस्टिल्ड पाणी, पुन्हा नळी. रेकॉर्ड अर्ध्या मिनिटात कोरडी. व्हॅक्यूमच्या टाकीत जमलेलं पाणी चहाच्या रंगाचं होतं.

तीच एलपी लावली. चरचर गेली. ओरखड्याचा टकटक आवाज राहिला, तो राहणारच.

९ फेब्रुवारी

एलपी ७ झाल्या. एका एलपीला दोन्ही बाजू धरून पाऊण तास लागतो, भिजवण्याचा वेळ सोडून. घाई होत नाही आणि करायचीही नाही. एका बाजूची खाच उलगडली तर जवळजवळ अर्धा किलोमीटर भरेल. तेवढं सगळं दोन मिनिटांच्या ब्रशमध्ये येतंय.

तीन एलपींना कव्हराचा कागद चिकटून वाळलाय. तो नखानं काढायचा नाही. डिस्टिल्ड पाण्यात तासभर ठेवला, वरचा थर निघाला. पुन्हा तासभर, दुसरा. विनाइल पाण्याला भीत नाही, हा त्याचा मोठा गुण.

१६ फेब्रुवारी

आज चूक झाली. लिहायला जड जातंय, पण लिहितो, म्हणजे दुसऱ्या कुणाकडून ती होणार नाही.

एलपी इतक्या सुरेख निघत होत्या की तोच हात मी लाखेच्या रेकॉर्डला लावला. वहीतला ९ नंबर. तेच मिश्रण फवारलं. अल्कोहोल दहाच टक्के आहे, काय होतंय, असं मनात आलं. ब्रश तीन-चार फेरे फिरला आणि केसांना तपकिरी रंग लागला. गाळ असेल म्हणून मी आणखी चोळलं. मग बोटाला चिकट लागलं. नळीनं ओढून बघितलं तर जिथं जिथं ब्रश गेला तिथली चकाकी गेलेली, पृष्ठभाग राखेच्या रंगाचा. वाजवली तेव्हा गाण्याच्या वर सतत वाऱ्यासारखा आवाज.

मी सुन्न झालो. दुपारी मिरजेला सतारमेकर गल्लीत गेलो. एका कारागिरांची माझी ओळख आहे, तंबोरे करतात. रेकॉर्ड त्यांच्या हातात दिली. त्यांनी अंगठा फिरवला आणि माझ्याकडं बघितलं.

"लाखंला स्पिरिट लावलंसा व्हय? आवो, आमचं पॉलिश मग कशाचं असतंय?"

त्यांच्या मागच्या बरणीत चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळत ठेवलेली होती. पातळ पिवळी पापुद्र्यासारखी लाख, स्पिरिटमध्ये टाकली की रात्रभरात मध होतो. तोच मध कापडाच्या बोळ्यानं भोपळ्यावर आणि दांड्यावर घासघासून चढवतात. मिरजेत पिढ्यानपिढ्या हेच चाललंय. मी आयुष्यभर ती बरणी बघत आलोय आणि तीच लाख रेकॉर्डमध्ये आहे हे मला तोंडपाठ होतं. दोन गोष्टी शेजारी ठेवून बघितल्या नाहीत.

त्यांनी एक उपयोगाचं सांगितलं : लाखेवर पाणी टिकू द्यायचं नाही. तंबोऱ्यावर पाण्याचा थेंब राहिला तर पॉलिश पांढरं पडतं. पुसून घेतला तर काही होत नाही.

९ नंबर वेगळी ठेवलीय. मामींना सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, वही काढली आणि ९ समोर काय लिहिलंय ते वाचत बसल्या.

२ मार्च

काही नाही. नव्या हळदीचा हंगाम, पेढीवरून घरी यायला रात्रीचे नऊ. कपड्यांना हळदीची धूळ असते म्हणून थाळीच्या आसपासही जात नाही.

२३ मार्च

लाखेसाठी आता स्वतंत्र रीत :
अल्कोहोल शून्य. नुसतं डिस्टिल्ड पाणी, लिटरला ५ मिली फोटो-फ्लो. परातीत भिजवणं बंद. लाख तग धरते, पण तिच्यातले कापसाचे तंतू पाणी पितात, फुगतात आणि खाचेची भिंत खडबडीत होते. पुरात आठवडाभर राहिलेल्या काही रेकॉर्डचं तेच झालंय. त्यांचा खरखरीत आवाज आता कशानंही जाणार नाही.

मग वाळलेला गाळ सोडवायचा कसा? थोडं फवारायचं, मिनिटभर थांबायचं, ब्रशचे चार फेरे, लगेच नळी. हे एकदा नाही, पाच-सहा वेळा. प्रत्येक वेळी पापुद्राभर गाळ निघतो. एका बैठकीत हट्ट करण्यापेक्षा लाखेला मध्ये श्वास घेऊ द्यावा. शेवटी पंख्याच्या वाऱ्यात, सावलीत तास-दोन तास उभी.

आज एका रेकॉर्डवर चौथ्या फेरीला गाळ सुटला तो क्षण जवळून बघितला. हातात भिंग होतं. खाचेत मातीची बारीक वेणी पडलेली होती, पाणी तिच्याखाली शिरलं, वेणी एका टोकानं उचलली गेली आणि ब्रशच्या एका केसाला लागून सबंध निघून आली. खाली काळी, लखलखीत, नागमोडी खाच. त्या नागमोडीतच कुणाचा तरी आवाज आहे.

आता ओळख पटवण्याचं काम. लाखेच्या २७ पैकी १४ ची लेबलं पूर्ण गेलीत. पण लेबलाच्या कडेला जो कोरा पट्टा असतो त्यात साच्यातूनच आलेले आकडे असतात. खोलीत अंधार करून मोबाईलचा टॉर्च अगदी आडवा धरला की ते उठून दिसतात. मामांनी वहीत तेही टिपून ठेवलेत, "मेणावरचा नंबर" म्हणून. ते बँकेत होते. चेकवर एक आकडा सुटलेला त्यांना खपायचा नाही. आज त्यांच्या त्या सवयीमुळं १४ पैकी ११ रेकॉर्डना नावं परत मिळाली.

आठवी रेकॉर्ड टॉर्चखाली धरली. आकडे मी वाचले, मामींनी वहीत बोट फिरवलं. बोट १७ वर थांबलं.

३० मार्च, पाडवा

१७ नंबर धुतली. सहा फेऱ्या, दोन दिवसांत मिळून. हात थरथरू नये म्हणून सकाळी, गुढी उभारून झाल्यावर बसलो.

वाजवण्याआधी पिनेचं. एलपीची पिन ७८ ला चालत नाही. लाखेची खाच कितीतरी रुंद. एलपीची बारीक पिन तिच्या तळाशी जाऊन बसते, जिथं कचरा असतो, आणि नुसता खरखराट ऐकू येतो. ७८ च्या पिनेचं टोक इंचाच्या हजाराव्या भागाच्या तिप्पट, एलपीच्या साध्या पिनेच्या चौपट. माझ्या जुन्या प्लेअरवर ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम-९५ कार्ट्रिज, म्हणजे पिन बसवायचा भाग, आहे. तिचं अंग तेच ठेवून नुसती पिन बदलता येते. एलपीसाठी ई नावाची पिन, रेकॉर्डवर तिचा भार २ ग्रॅम. ७८ साठी एसपी, भार ५ ग्रॅम. भार छोट्या काट्यावर मोजूनच ठेवतो, अंदाजानं नाही. कमी भारानं रेकॉर्ड वाचते असं पुष्कळांना वाटतं, पण हलकी पिन खाचेत उडते आणि उडणारी पिन जास्त इजा करते.

आणि ॲम्प्लिफायर मोनोवर. ७८ मध्ये आवाज फक्त आडव्या हलण्यात असतो. दोन्ही चॅनेल एकत्र केले की उभ्या हलण्याचा आवाज, म्हणजे धूळ आणि खड्ड्यांचा बराचसा भाग, आपसांत वजा होतो. एक बटण दाबायचं काम, आणि निम्मी धुलाई केल्यासारखा फरक.

पिन टेकवली. आधी पावसासारखी चरचर. मग तंबोरा. मग तो आवाज, बारीक, सरळ, कुठंही जोर न लावता वर जाणारा. खाँसाहेब १९३७ मध्ये गेले, मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे. इथून बसनं अर्ध्या तासाच्या आत. मामा दरवर्षी उरुसाच्या गाण्याला तिथं बसायचे, पहाटेपर्यंत. साडेतीन मिनिटांत बाजू संपली आणि पिन शेवटच्या गोलात फिरत राहिली. मामींनी मला ती उचलू दिली नाही लगेच.

नंतर म्हणाल्या, "आवाज जरा लांबून येतोय, नाही? पण त्यांचाच आहे."

पिन ब्रशनं साफ केली, मागून पुढं, हातानं कधी नाही. टोकाला काळा कण लागला होता. म्हणजे एक फेरी अजून हवी.

२० एप्रिल

उन्हाळा चढला. पारा चाळिशीला. एक धडा आयताच मिळाला : धुतलेली एलपी मी दहा मिनिटं खिडकीत ठेवली, ऊन सरकून तिच्यावर आलं आणि कड बशीसारखी उचलली. दोन जाड काचांमध्ये, सपाट, सावलीत, वर पुस्तकांचं वजन देऊन ठेवलीय. काही दिवसांत थोडी बसेल, पूर्ण नाही.

चार एलपींवर बुरशी होती. पांढरी, कोळ्याच्या जाळ्यासारखी. ती गॅलरीत काढली, तोंडाला मास्क लावून, ब्रश वेगळा. खोलीत झाडली असती तर उरलेल्यांवर बसली असती. अल्कोहोलच्या मिश्रणानं विनाइलवरची बुरशी गेली, पण जिथं ती वर्षानुवर्षं होती तिथं खाचेला खाल्ल्यासारखे पुंजके राहिलेत आणि तिथून पिन गेली की बुडबुडे फुटल्यासारखा आवाज येतो.

पांढरा लाकडाचा गोंद रेकॉर्डवर ओतायचा, वाळला की सालपटासारखा ओढून काढायचा, ही रीतही करून बघितली, त्याच पहिल्या ओरखडेवाल्या एलपीवर. निघाला, आणि खरंच स्वच्छ निघाला. पण थर पातळ पडला तिथं तुकडे राहिले, ते काढायला पुन्हा तासभर. लाखेवर हे करण्याचा विचारही करू नये. गोंदाबरोबर पृष्ठभागच उचलला जायचा.

४ मे

ठेवणीचं काम पावसाच्या आत उरकायचंय. आतल्या पिशव्या आम्लरहित कागदाच्या मागवल्या. जुन्या जाड प्लास्टिकच्या पिशव्यांना नकार. आपल्या हवेत त्या घामेजतात आणि रेकॉर्डवर दुधाळ छटा सोडतात. रेकॉर्ड उभ्या, पुस्तकांसारख्या, तिरक्या न होतील इतक्या जवळ आणि ओढताना अडणार नाहीत इतक्या सैल. एकावर एक रचल्या तर लाखेच्या खालच्या तडकतात, एलपी वाकतात. लाखेच्या आणि एलपीच्या वेगळ्या कप्प्यांत.

सुतारांनी विचारलं, कपाट कुठं ठोकू? हा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. मामींनी तरी भिंतीवर खांद्याच्या उंचीला बोट ठेवलं.

२५ मे

यंदा पावसानं मेमध्येच गाठलं. आठवडाभर ओल आहे, कपाटातलं दमटपणाचं मीटर ७८ टक्के दाखवतंय. ५० च्या आसपास हवं. सिलिका जेलच्या पुड्या दर चार दिवसांनी कढईत मंद आचेवर कोरड्या करतोय, निळ्याच्या गुलाबी झाल्या की. कापडात बांधलेले कोळसेही एका कोपऱ्यात ठेवलेत, मामींच्या सांगण्यावरून.

हिशेब. एलपी १९ झाल्या, त्यातल्या १३ उत्तम. ४५ च्या पाचही झाल्या. लाखेच्या २७ पैकी १८ झाल्या, त्यातल्या ५ खरखरीतच राहणार, ९ नंबर त्यांत धरून. ९ बाकी. बदबद वाजणाऱ्या तिघींपैकी एकीचा तडा फक्त कडेला आहे, पहिल्या काही फेऱ्यांपुरता. पिन तड्याच्या पुढं टेकवून तिचं उरलेलं गाणं कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं. एकदाच वाजवली, पुन्हा वाजवणार नाही. फुटलेल्या चारही तुकड्यातुकड्यांनी धुऊन ठेवल्यात, वहीतले नंबर लिहून, वेगळ्या डब्यात.

मामांच्या वहीत शेवटचा रकाना कोरा होता. मामींनी त्यावर "धुतली" असं लिहिलंय आणि रोज संध्याकाळी मला तारीख विचारून घालतात. त्यांचं अक्षर मामांच्या अक्षरापेक्षा मोठं आहे, रकान्यात मावत नाही. ९ समोरही त्यांनी तारीख घातलीय, १६ फेब्रुवारी.

उद्या बहुधा ३१ नंबर. लेबल नाही, मेणावरचा नंबर अर्धाच वाचता येतोय.